तारीख

माझ्या घरात दोन कालनिर्णय असतात. एक स्वयंपाकघरात. त्यावर दुधाचा हिशेब, गॅसची टाकी जोडल्याची खूण आणि सासूबाईंच्या गोळ्या कधी संपणार तो दिवस. दुसरं बाहेरच्या खोलीत, जिथं मी मशीन घेऊन बसते. त्यावर मी एकच गोष्ट लिहिते: गावात कोणत्या योजनेचे पैसे कोणत्या दिवशी आले. लाल पेनानं 'लाडकी', निळ्या पेनानं 'निराधार', आणि 'किसान' म्हणजे शेतकऱ्यांचे दोन हजार. ऑगस्ट २०२४पासूनची सगळी पानं मी जपून ठेवली आहेत. स्वयंपाकघरातलं वर्ष संपलं की रद्दीत जातं. हे जात नाही.

मी बँक सखी आहे. आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. बँकेची शाखा चौदा किलोमीटरवर. २०१९मध्ये आमच्या बचत गटांच्या ग्रामसंघानं माझं नाव सुचवलं. बचत गटांच्या 'उमेद' अभियानाकडून प्रशिक्षण झालं, परीक्षा दिली, पास झाले आणि अंगठ्याचं मशीन, मोबाइल आणि पावतीचा छोटा प्रिंटर घेऊन कामाला लागले. काम सरळ आहे. बाईनं आधार नंबर सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, मशीनवर बोट ठेवायचं. तिच्या खात्यातली रक्कम माझ्या खात्यात येते आणि तेवढी रोख मी तिला माझ्या गल्ल्यातून देते. दीड हजार काढून दिले की मला पाच-सहा रुपये सुटतात. बायकांना वाटतं, बँकेनं माझ्याकडे नोटांची थप्पी देऊन ठेवलीय. गल्ल्यातली एकूण एक नोट माझी असते, सोनं गहाण ठेवून उभी केलेली. पैसे येण्याच्या दिवशी माझं काय होतं, ते यावरून कळावं.

सकाळी सडा टाकायला दार उघडलं की पहिला प्रश्न रस्त्यावरूनच येतो. "आलं का वं?" काय आलं ते कुणी सांगत नाही. मलाही विचारावं लागत नाही.

पैसे कोणत्या दिवशी येणार हे माहीत असणं म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा पाहिलं २०२०च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी लागली होती. ऊसतोडीला गेलेली आमची माणसं कारखान्यांवर अडकली होती आणि गावात म्हातारी आणि लेकरंच जास्त. केंद्र सरकारनं जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये द्यायचं ठरवलं. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले. शेवटी ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल. २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल. ४ आणि ५ला ७ तारीख, ६ आणि ७ला ८, ८ आणि ९ला ९ तारीख. त्यानंतर कधीही.

मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दाराला टांगलं. दुसरा पुठ्ठा गिरणीवर. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनीसुद्धा आपला शेवटचा आकडा पाठ केला. "माझा सात हाय, माझी आठ तारीख." पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार, अशी अफवा तेव्हाही उठली होती, आणि माझा घसा ती खोटी आहे हे सांगून सांगून बसला होता. पण रांग कधी दहा-बारा बायकांच्या पुढं गेली नाही. चुन्यानं आखलेल्या गोलांत त्या उभ्या राहत, एकेक करून बोट ठेवत आणि जात. पाचशे रुपये म्हणजे तेल, साखर, चहा आणि एखादं औषध, एवढंच. तरी त्या तीन महिन्यांत मला कुणी "आलं का वं?" असं विचारल्याचं आठवत नाही. त्यांना माहीत होतं.

मग आली राज्य सरकारची बायकांसाठीची लाडकी बहीण योजना. २८ जून २०२४ला विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना घोषणा झाली: महिन्याला दीड हजार रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दोनच दिवसांत तहसीलच्या सेतू केंद्राबाहेर बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. पुढच्या आठवड्यात अटी सैल झाल्या. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालेल. वयाची वरची मर्यादा साठवरून पासष्ट झाली. आमच्या अंगणवाडीताईनं रात्री अकरा-अकरापर्यंत मोबाइलवर अर्ज भरले, कारण दिवसा सर्व्हर चालायचा नाही. तो महिना मी इथं लांबवत नाही. कागदांची धावपळ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली आहे.

लांबवायचे आहेत ते ऑगस्टचे तीन दिवस.

१४ ऑगस्टला, बुधवारी, दुपारनंतर गावात पहिला मोबाइल वाजला. खात्यात तीन हजार जमा, जुलै आणि ऑगस्ट मिळून. ज्या बाईला मेसेज आला ती चिखलातून अनवाणी पळत माझ्याकडे आली. तिला मेसेज वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवला तर म्हणाली, "परत वाच." मी तीन वेळा वाचला. संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर साठ-सत्तर बायका जमल्या. ज्यांना मेसेज आला नव्हता त्याही आल्या होत्या, कारण पुष्कळांच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुंबई-पुण्याला असलेल्या पोराचा. काहींचा नंबर तर बंद पडून वर्ष झालेलं.

त्या संध्याकाळी माझ्या गल्ल्यात एकोणचाळीस हजार होते. तेरा बायकांना तीन-तीन हजार दिले की संपले. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, बँक बंद. तेरावी बाई पैसे घेऊन उठली आणि चौदावी बसली तेव्हा मला हात जोडावे लागले. चौदावी होती आमच्या शेजारची काकू. माझ्या लग्नात हळद दळलेली. ती काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. मला ते अजून आठवतं.

रात्री नवरा आणि मी किराणा दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे रोख होती आणि ती शुक्रवारी बँकेत भरायला न्यावी लागणार होती. मी त्याच्या खात्यावर ऑनलाइन पाठवले, त्यानं मला नोटा मोजून दिल्या. मग दूध संकलनवाल्याकडे. त्याच्याकडून वीस हजार मिळाले. स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन करून आल्यावर मी पुन्हा बसले ती रात्री नऊपर्यंत. १६ तारखेला पहाटेच्या एसटीनं तालुक्याला गेले. शाखेबाहेर दार उघडण्याआधीच दोनशे माणसं. कॅशियरनं मला मागितले त्याच्या निम्मेच दिले. त्याचाही दोष नव्हता, त्याच्याकडेच येणारी रोख कमी पडली होती. सोमवारी १९ला राखी पौर्णिमा. माहेरी जाणाऱ्या बायकांना रविवारच्या आत पैसे हवे होते आणि मला ते जमवता आले, सगळ्यांना नाही तरी बहुतेकींना. शनिवारी पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला, तो इथं कुणी टीव्हीवर पाहिला नाही. सगळ्या जणी माझ्या ओट्यावर होत्या.

आदल्या आठवड्यात एक ओळीचा निरोप आला असता की १४ला पैसे सुटणार आहेत, तर मी १३ला बँकेतून रोख आणून ठेवली असती. शाखेनंही आणली असती. शेजारच्या काकूला परत जावं लागलं नसतं.

याच धांदलीत माझ्यावर चोरीचा आळ आला. तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एका बाईनं बोट ठेवलं, मशीन फिरत राहिलं आणि शेवटी पडद्यावर आलं, व्यवहार अयशस्वी. मी म्हटलं, "ताई, लिंक गेली, थोड्या वेळानं बघू." पण तिच्या मोबाइलवर मेसेज आला, खात्यातून तीन हजार वजा. तिचा मुलगा बारावीत शिकणारा, त्यानं तो मोठ्यानं वाचला. पन्नास बायकांसमोर. पैसे तिच्या खात्यातून निघाले होते आणि माझ्या खात्यात पोचले नव्हते. मधे कुठं तरी लटकले होते. असं होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत उलटवून पैसे परत केले पाहिजेत आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई दिली पाहिजे. हे मी तिला सांगितलं. पण ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर तीन हजार पाहिले आणि दोन मिनिटांत ते गेलेले पाहिले, तिला रिझर्व्ह बँक काय सांगणार? ती रडत गेली. संध्याकाळी तिचा दीर येऊन दारात उभा राहून नको ते बोलून गेला.

चौथ्या दिवशी पैसे परत तिच्या खात्यात आले. ती स्वतः सांगायला आली, हातात शेंगांची पिशवी घेऊन. दीर आला नाही. तेव्हापासून मी एक केलं. व्यवहार अयशस्वी झाला तरी त्याची पावती काढून सहीनिशी बाईच्या हातात देते. कागद हातात असला की माणसाला धीर येतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगते, अंगठा लावल्यावर पैसे मिळोत न मिळोत, पावती घेतल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्या तऱ्हेचा त्रास होता तो खात्यांचा. हे पैसे आधार नंबरवर येतात. बाईनं अर्जात कोणतं खातं लिहिलंय याला अर्थ नसतो, तिच्या आधारला शेवटी जी बँक जोडली गेली असेल तिथं पैसे जातात. आणि आमच्या बायकांची खाती किती असतात! एक जनधनचं, एक गटाच्या कर्जासाठी काढलेलं, एक रोजगार हमीच्या मजुरीसाठी. सिमकार्ड घेताना किंवा शिबिरात अंगठा दिला आणि खातं उघडलं गेलं, हे तिला माहीतच नसतं.

एक ऊसतोड कामगार बाई होती. सप्टेंबर संपत आला तरी तिला रुपया मिळाला नव्हता. अर्ज मंजूर दाखवत होता. शाखेत दोनदा जाऊन आली, पासबुकात शून्य. जायच्या-यायच्या गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत सहाशे रुपये गेले. गावात लोक म्हणू लागले, हिचा काही तरी कागद खोटा असेल. मी आधारच्या संकेतस्थळावर तिची जोडणी पाहिली तर भलत्याच बँकेचं नाव. ती डोक्याला हात लावून बसली. मग हळूहळू तिला आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर असताना तळावर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी सगळ्यांचे अंगठे घेतले होते. मी मशीनवर ती बँक निवडली आणि तिला बोट ठेवायला सांगितलं. पहिल्यांदा जुळलं नाही. कोयता धरून धरून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. दुसऱ्यांदा ओल्या फडक्यानं पुसून, तिसऱ्यांदा डाव्या हाताचं मधलं बोट. जुळलं. शिल्लक आली ४,५१२ रुपये. तीन महिन्यांचे पैसे तिथं बसून होते.

ती हसली नाही की रडली नाही. म्हणाली, "बारा रुपये कशाचे?" मी म्हटलं, जुने असतील. तर म्हणाली, "म्हंजी तवा बी माझ्या नावावर कायतरी होतं."

झिजलेल्या बोटांचा हा त्रास कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांचंच बोट मशीन ओळखत नाही. ज्यांच्यासाठी पैसे, त्यांच्याच हाताला मशीन नकार देतं. माझ्या खोलीत खोबरेल तेलाची बाटली आणि ओलं फडकं कायम असतं. तरीही काही जणींना तालुक्याला जाऊन आधारवरचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, आणि त्यासाठी पुन्हा एक दिवसाची मजुरी.

काहींचे पैसे आले आणि खात्यातच अडकले. एका बँकेनं जुन्या पीककर्जापोटी ते वळते करून घेतले होते. नंतर या पैशातून कर्ज कापू नये अशी शासनाची सूचना बँकांना गेली, ती मी मोबाइलवर शाखेत दाखवली आणि दोन आठवड्यांनी रक्कम सुटली.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या कालनिर्णयाची पानं काढून बसले की असं दिसतं. ऑगस्ट २०२४मध्ये दोन हप्ते एकदम. सप्टेंबरचा महिनाअखेरीस. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे दोन्ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दसऱ्याच्या आगेमागे, कारण १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. मग जवळजवळ अडीच महिने काही नाही. डिसेंबरचा २४ तारखेपासून. जानेवारीचा प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर. फेब्रुवारीचा फेब्रुवारीत आलाच नाही, तो महिला दिनाला मार्चच्या हप्त्यासोबत आला. एप्रिलचा आला मे उजाडल्यावर, मेचा जूनमध्ये, जूनचा जुलैमध्ये. २०२५च्या जुलैचा राखीला. ऑगस्टचा सप्टेंबरचा दुसरा आठवडा लागल्यावर. सप्टेंबरचा ऑक्टोबरमध्ये.

पैसे बुडाले असं मी म्हणत नाही. आमच्या गावातल्या ज्या बायका पात्र होत्या त्यांना उशिरा का होईना ते मिळत गेले. पण पगारदार माणसानं स्वतःच्या पगाराच्या तारखा अशा मांडून बघाव्यात आणि त्यावर घर चालवून दाखवावं.

आमच्याकडे बायकांकडून पैसे नेणाऱ्या प्रत्येकाला तारीख आहे. फायनान्सवाला मंगळवारी सकाळी आठला समाजमंदिरात येतो. पाऊस असो, सुतक असो, गटातली एक बाई कमी पडली तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचं, तोवर कुणी उठायचं नाही. बचत गटाची बैठक दहा तारखेला. भिशी पंधराला. वीजबिलावर शेवटची तारीख छापलेली असते. शाळेच्या गाडीवाल्याला पाच तारखेच्या आत हवेत. या सगळ्यांचं बरोबरच आहे, त्यांचेही संसार आहेत. पण घरातून जाणाऱ्या पैशाला तारीख आणि घरात येणाऱ्या पैशाला नाही, यातली फट कुणी तरी भरून काढतं. आमच्या गावात ती सावकार भरतो.

मधल्या आळीतली एक विधवा बाई आहे. तिची मुलगी जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला आहे. दीड हजार सुरू झाले तेव्हा या बाईनं ठरवून टाकलं, हे पैसे मुलीच्या मेसचे. बरोबर दीड हजारच मेसचे होते. मेसवाल्या बाईला ते पाच तारखेच्या आत द्यायचे. डिसेंबरचा हप्ता २४च्या पुढे आला, जानेवारीचाही महिना संपायच्या आत आला. तिला वाटलं, घडी बसली. दर महिन्याला पंचविशीच्या आसपास ती माझ्याकडे यायची, पैसे काढायची आणि माझ्याच मोबाइलवरून मेसवालीला पाठवायची. फेब्रुवारीत ती २४ला आली, २६ला आली, २८ला आली. मार्चच्या ५ तारखेला मुलीचा फोन आला की उद्यापासून डबा नाही. बाईनं शेकडा पाचनं दीड हजार उचलले. चारच दिवसांत दोन्ही हप्ते आले, तीन हजार, तिनं पळत जाऊन मुद्दल परत केलं. पण व्याज महिन्याचं, चार दिवसांचं नसतं. पंचाहत्तर रुपये.

मे, जून, जुलैमध्ये पाच तारीख गाठता गाठता कसंबसं जमलं. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उचल. चार वेळचे मिळून तीनशे रुपये. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मी हिशेब मांडला तेव्हा तीच म्हणाली, "दोन दिसाची खुरपणी झाली."

शहरात या योजनेवर वाद चालतात हे मी वाचते. तिजोरीवर भार किती, मतांसाठी आहे का, बायका आळशी होतील का. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकते, कारण प्रत्येक हप्ता माझ्या हातून जातो. मी पाहिलंय की गॅसची टाकी साडेआठशेच्या पुढं गेल्यापासून कोपऱ्यात पडून होती, ती भरून आली. शुगरच्या गोळ्या एक दिवसाआड खाणारी म्हातारी रोज खाऊ लागली. एकीनं पाच हप्ते साठवून जुनं शिलाई मशीन घेतलं. एकीचा नवरा दर वेळी तिच्यासोबत येतो आणि पैसे स्वतःच्या खिशात घालतो, तेही मी पाहते. आणि एकदा ती एकटीच आली, पाचशे काढले आणि म्हणाली, "हजार ऱ्हाऊ दे आत. त्याला सांगू नको." आळस मला कुठं दिसला नाही. खुरपायला जाणाऱ्या सगळ्या जणी अजून जातात.

सणाच्या तोंडावर पैसे येतात याचा आनंद होतोच, नाही असं कसं म्हणू? राखीला माहेरी जाताना हातात काही तरी असतं. पण सणाला आलेले पैसे सणात जातात. महिन्याचे पैसे महिन्याला आले तर ते मेसला, गोळ्यांना, हप्त्याला जातात. बाई आधीच मनात वाटणी करून ठेवते. त्या वाटणीला तारीख लागते.

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या भागात पावसानं हाहाकार केला. नद्या शेतात शिरल्या, सोयाबीन सडलं, काहींची घरं पडली. त्याच महिन्यात लाडकी बहीणसाठी ई-केवायसीचं, म्हणजे ओळख पडताळणीचं फर्मान आलं. आधारचा ओटीपी हवा, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपीही हवा. ज्यांचे कागद पुरात भिजले, ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत, त्या बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मुदत आधी नोव्हेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. वाढली ते बरं झालं. पण मुदत संपायच्या तारखा किती ठळक अक्षरांत छापून येतात! बाईनं काय कधी करायचं, त्याचा दिवस पक्का असतो. त्या काळात मी रात्री दीड वाजेपर्यंत जागून ओटीपी घेतलेत, कारण तेव्हा साइट चालायची. कारखान्यावर गेलेल्या नवऱ्याला तिकडं झोपेतून उठवायचं आणि आकडे विचारायचे. फडातून आलेला माणूस तो, पण एकानंही कुरकुर केली नाही.

सासूबाईंना श्रावणबाळचे, म्हणजे वृद्धांच्या पेन्शनचे पैसे मिळतात, तेही मी 'निराधार'सोबत निळ्या पेनानंच लिहिते. त्यांचीही तारीख नाही. त्या रोज सकाळी मला विचारत नाहीत, कारण मी चिडेन असं त्यांना वाटतं. त्या फक्त बाहेरच्या खोलीत येतात आणि कालनिर्णयाकडे बघतात, निळी खूण दिसते का. त्यांना वाचता येत नाही, रंग कळतो.

मी काही मोठं मागत नाही. रक्कम वाढवा असंही इथं लिहीत नाही, ते बोलणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच हवंय की मंत्रालयातून महिन्याचा एक दिवस ठरवून द्यावा. पाच तारीख चालेल, दहा चालेल. पैसे एकाच दिवशी सोडणं जमत नसेल तर २०२०सारखं शेवटच्या आकड्यावरून पाच दिवस वाटून द्या. ते या देशात एकदा करून झालं आहे, तेही टाळेबंदीत, आणि आमच्या गावात ते नीट पार पडलं. एखाद्या महिन्यात उशीर होणार असेल तर तेही आधी सांगा, बाई दुसरी काही सोय लावेल. बँकांना तीन दिवस आधी कळवा म्हणजे शाखेत आणि माझ्यासारखीच्या गल्ल्यात नोटा असतील.

२०२०चा तो पुठ्ठा अजून माझ्या माळ्यावर आहे. एक बाजू कोरी आहे. तारीख कळवली की त्याच दिवशी लिहून गिरणीवर टांगते.